आजीला ऐकू जाणार नाही असा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "फास्ट आहे ना?" दुसरा, "रंगीत आहे ना?" आणि तिसरा, आवाज जरा खाली आणून, "पोरांसाठी गेम टाकून द्याल ना?" उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये, जीन्सचे गठ्ठे आणि बटणांची दुकानं यांच्या मधोमध, मी अकरा वर्षं कॉम्प्युटर जोडून विकले. इतक्या वर्षांत "त्याचा आवाज होत नाही ना?" असं विचारणारं गिऱ्हाईक एकच भेटलं. त्या एका गिऱ्हाइकाने मला जेवढं पळवलं आणि जेवढं लाजवलं, तेवढं बाकीच्या सगळ्यांनी मिळूनसुद्धा केलं नाही. त्यामुळे संपादकांनी "धंद्यातलं काहीतरी लिहा" म्हटल्यावर मला दुसरं काही आठवलंच नाही.

आधी धंदा सांगतो. मी मूळचा टाईपरायटर मेकॅनिक. हातात रेक्झिनची बॅग, बॅगेत तेलाची कुपी, ब्रश, चिमटे, रिबिनी. अंबरनाथच्या कारखान्यांची ऑफिसं आणि बदलापूरपर्यंतचे टायपिंग क्लास हे माझं राज्य. नव्वद साल उलटलं आणि टाईपरायटरांवर एकामागून एक खोळी चढायला लागल्या. त्या परत काही निघाल्या नाहीत. मग मी पोटासाठी लच्छूशेठच्या दुकानात शिरलो. लच्छूशेठ म्हणजे लछमणदास, फाळणीनंतर इथे वसलेल्या सिंध्यांपैकी. त्याला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कुठल्या ऑफिसातला कुठला कॉम्प्युटर कधी अडगळीत जाणार याचा वास त्याला सर्वांत आधी यायचा. तो जुना माल उचलायचा आणि मी चार बंद मशीनांतून एक चालतं करायचो. चालतं म्हणजे विकताना चालतं. पुढचं ज्याचं त्याचं नशीब.

एका सकाळी मी शटर वर ढकलतोय, तर पायरीवर गायकवाड मॅडम उभ्या. रत्नप्रभा गायकवाड, अंबरनाथच्या एका कारखान्यात हेड टायपिस्ट. त्यांचं मशीन मी वर्षानुवर्षं साफ केलेलं. साहेब येरझारा घालत मजकूर सांगायचे आणि मॅडम खिडकीबाहेर बघत टाईप करायच्या. कागदाकडे नजर नाही, बोटांकडे नाही, आणि पानात एक चूक नाही. मी एकदा विचारलं होतं, हे जमतं कसं? त्या म्हणाल्या होत्या, "मोहिते, शब्द कानातून सरळ बोटांत जायला हवा. डोक्यात उतरला की घोटाळा होतो."

आता मात्र त्यांच्या बोटांचे सांधे सुजून जांभळासारखे टपोरे झाले होते. त्यापायी त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली होती.

"मोहिते, मला कॉम्प्युटर हवाय," त्या म्हणाल्या. "फक्त लिहायला. मराठी. स्वस्तात स्वस्त. आणि त्याचा आवाज व्हायला नको."

"आवाज?"

"आई बोलायला लागलीय."

मला काही उलगडेना. मी स्टूल दिलं, चहा सांगितला. मग कळलं. मॅडमची आई, भागीरथीबाई, पंचाहत्तरीच्या पुढची. शाळेचं तोंड न पाहिलेली. आयुष्यभर स्वतःबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि आता रोज दुपारी जेवण झालं की खाटेवर बसून जुनं जुनं सांगत होती. गावचं, अंबरनाथला आले तेव्हाचं, दीक्षेला नागपूरला गेले तेव्हाचं. फक्त एक अट होती. एक गोष्ट एकदाच. पुन्हा विचारलं की म्हणायची, "तवा कान कुठं गेलते?"

"मला ते लिहून घ्यायचंय, मोहिते. तीस वर्षं साहेबांचं लिहून घेतलं, आता आईचं. पेन धरलं तर दोन ओळींत बोटं आखडतात. टाईपरायटर लावला, तर खटखट सुरू झाली की आई गप्प. म्हणते, कचेरीत जबानी दिल्यावानी वाटतं. टेपरेकॉर्डर ठेवला, तर पदर सारखा केला, 'माझं नाव भागीरथीबाई' म्हणाली आणि थांबली. नुसती बघत बसली त्याच्याकडे."

एवढ्यात लच्छूशेठ आला. मॅडमनी आपला आकडा सांगितला. नव्या कॉम्प्युटरच्या पैशात तेव्हा बदलापुरात घराचं बुकिंग व्हायचं, आणि मॅडमचा आकडा रंगीत टीव्हीचा होता. शेठने नकार द्यायला तोंड उघडलं, घड्याळाकडे पाहिलं, हातातल्या न पेटवलेल्या उदबत्तीकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बोहनी. आमच्या बाजारात बोहनीला परत पाठवत नाहीत. दिवस वाया जातो, काही म्हणतात वर्ष.

"साईं, बोहनी है," शेठ हताशपणे मला म्हणाला. "ना कैसे बोलूँ? तू कर कुछ भी."

मॅडमनी पुढे कबूल केलं की त्या शटर उघडायच्या आधी अर्धा तास समोरच्या बटणवाल्याच्या ओट्यावर येऊन बसल्या होत्या. तीस वर्षं कॅम्पात खरेदी केलेली बाई. तिला कोण फसवणार?

झालं! माझ्या अंगात वारं शिरलं. इतकी वर्षं मी जोडत होतो ते सगळे कॉम्प्युटर एका साच्याचे. आता पहिल्यांदा कुणीतरी असं काही मागितलं होतं की जे कुठल्याच दुकानात नव्हतं. जेवताना मी बायकोला तेच सांगायचो, अंघोळ करताना तेच मोजायचो. लिहायला काय काय लागतं? रंग नको, गेम नको. आणि एका क्षणी डोक्यात लख्ख प्रकाश पडला की हार्ड डिस्कसुद्धा नको! हार्ड डिस्क म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातलं कपाट, तेव्हा सगळ्यांत महाग तेच. कपाट काढून टाकायचं आणि दोन फ्लॉप्यांवर भागवायचं. फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढ्या चौकोनी पाकिटातली पातळ तबकडी. एका फ्लॉपीत मराठीचा प्रोग्रॅम, दुसऱ्या फ्लॉपीत आजी. प्रोग्रॅमची फ्लॉपी कुठून आणली ते विचारू नका. कॅम्पात असे प्रश्न विचारायची पद्धत नाही.

डबा, म्हणजे कॉम्प्युटरचं धड, मिळाला मागच्याच गल्लीतल्या जीन्सच्या कारखान्यात. मालकाने मोठ्या हौसेने कॉम्प्युटर घेतला होता आणि आता त्याच्यावर धाग्याची रिळं रचली होती.

"क्या करूँ इसका?" तो म्हणाला. "गिनता है, सिलता तो नहीं!"

झाकण उघडलं तर आत निळ्या कापडाच्या भुशाची गादी साचलेली. मी फुंकून फुंकून, ब्रशने टिपून ती काढली. दोन दिवस माझं नाक निळं होतं. पण बटण दाबल्यावर पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली आणि मी दुकानात टाळी वाजवली. वयाच्या चाळिशीत.

खरी मारामार कीबोर्डची. त्या काळचे चांगले कीबोर्ड टकटक वाजणारेच असायचे, लोकांना ते आवडायचंही. मी दुकानातले सगळे कीबोर्ड काउंटरवर मांडले. मॅडम एकेकावर मराठी टाईप करायच्या. अक्षरांचे स्टिकर लावून देऊ का विचारलं, तर नुसत्या हसल्या. शेठला आम्ही परीक्षक नेमलं. तो आमच्याकडे पाठ करून, हात बांधून दुकानाच्या टोकाला उभा. "सुनाई दिया... सुनाई दिया... ये तो घोड़ा है मैडम, सुनाई दिया." येणारं-जाणारं गिऱ्हाईक दारातच थबकायचं. एकूण एक कीबोर्ड नापास झाले.

मग मी अंबरनाथला भंगारवाल्यांकडे खेपा सुरू केल्या. तिसऱ्या खेपेला एका ढिगात मला तो दिसला. कुठल्यातरी केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेतला असावा. आत ॲसिड उडू नये म्हणून अख्ख्या कीबोर्डावर पातळ रबराचा पापुद्रा चढवलेला. दाबून पाहिला. लोण्यात बोट घातल्यासारखा! मला ओरडावंसं वाटलं, पण भंगारवाल्यासमोर आनंद दाखवला की भाव वाढतो. म्हणून तोंड वाकडं करून घेतला आणि वळणावर गेल्यावर हसलो. घरी साबणाने तीनदा धुतला तरी त्याचा आंबूस वास काही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा परीक्षा. शेठ पाठ करून उभा. मॅडमची सुजलेली बोटं त्या रबरावर उतरली. शेठ वाट बघतोय, बघतोय. शेवटी वैतागून म्हणाला, "अरे मैडम, चालू तो करो!"

मॅडमची तोवर सहावी ओळ चालली होती.

मशीन घेऊन मी बदलापूरला त्यांच्या घरी गेलो. सोनिवलीच्या बाजूला नव्या इमारती होत होत्या, त्यातल्या एकीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खिडकीखाली खाट, खाटेवर आजी. किडकिडीत, पण नजर तिखट.

"ह्यो टीव्ही का?" आजींनी विचारलं.

"टीव्हीच आहे आजी, पण बातम्या तुम्ही द्यायच्या."

"माज्याकडं शिळ्याच हायती," आजी म्हणाल्या आणि आमचं जमलं.

डब्यातला पंखा घूंऽ करायचा. त्यावर मी नामी युक्ती काढली होती. वायरी जोडून लांब केल्या आणि डबा स्वयंपाकघरात ओट्याखाली नेऊन ठेवला. बाहेरच्या खोलीत फक्त पडदा आणि कीबोर्ड. मॅडम आईकडे बघत बसल्या, आजी बोलायला लागल्या, आणि पडद्यावर हिरवी मराठी अक्षरं पावसाळी मुंग्यांसारखी रांगेने निघाली. खोलीत आजींशिवाय कसलाही आवाज नव्हता. मला इतका आनंद झाला की मी उगाचच छताच्या पंख्याकडे बघत राहिलो.

दहा मिनिटं झाली आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, खर्रर्र.

"मांजर शिरलं बग," आजी म्हणाल्या आणि थांबल्या.

मांजर नव्हतं. तो प्रोग्रॅम दर दहा मिनिटांनी, लिहिलेलं सगळं आपणहून फ्लॉपीवर उतरवून ठेवायचा. फ्लॉपी फिरली की खर्रर्र. पुढल्या खर्ररला आजी पुन्हा थांबल्या. त्याच्या पुढच्याला उठून स्वतः मांजर हाकलायला गेल्या, आणि परत आल्यावर गोष्ट कुठवर आली होती ते विसरल्या.

मी म्हटलं, एवढंच ना? प्रोग्रॅममध्ये शिरलो आणि ते आपोआप उतरवणं बंद करून टाकलं. अगदी ऐटीत. मॅडमना सांगितलं, "आता तुम्हीच अधूनमधून हे बटण दाबा."

"अधूनमधून म्हणजे कधी?"

"पान भरलं की."

आज लिहिताना हात थबकतो. मी टाईपरायटरवाला, त्या टाईपरायटरवाल्या. आमच्या दोघांच्या हाडात एकच गोष्ट मुरलेली. बटण दाबलं की अक्षर कागदावर बसलं, ते काही उडून जात नाही. पडद्यावरचं अक्षर उतरवून ठेवेपर्यंत नुसतं दिसतं, असत नाही. हे मला माहीत होतं, दहा गिऱ्हाइकांना मी ते सांगितलेलं. पण मॅडमशी बोलताना मी जुना मेकॅनिक झालो. आणि पडद्यावर पान भरतं कुठे? ते वर सरकत राहतं.

पुढचे चार महिने मात्र मजेचे गेले. मॅडम फ्लॉपी घेऊन दुकानात यायच्या, मी छापून द्यायचो, आणि निघालेला कागद आधी वाचून दाखवायचा हा शेठचा हुकूम. आजींनी सावकाराच्या बैलाला कसं पळवून लावलं ते ऐकून शेठ गल्ल्यावर हात आपटून हसला होता. आणि एकदा, कुठलीशी साधीच गोष्ट, भाकरीच्या पिठाची, ऐकून त्याने उघडा गल्ला बंद केला. म्हणाला, "हमारी अम्मा यहाँ बैरक में आई थी, मैं गोद में था. उसका किसी ने नहीं लिखा." छपाईचे पैसे त्याने त्यानंतर कधी घेतले नाहीत.

मग एका शुक्रवारी सकाळी, शटर उघडायच्या वेळेला, मॅडम पुन्हा पायरीवर उभ्या. चेहरा पाहून मी शटर अर्ध्यावरच सोडलं.

"काल दुपारी लाईट गेली, मोहिते."

"किती गेलं?"

"दोन तासांचं." त्या स्टुलावर बसल्या. "आई काल माझ्या भावाबद्दल बोलली. मला भाऊ होता. माझ्या आधीचा. आठ महिन्यांचा होऊन गेला. मला आजवर माहीतच नव्हतं. बटण दाबलं असतं तर खर्रर झालं असतं आणि ती थांबली असती. म्हणून दाबलं नाही. शेवटी तिने त्याचं नाव सांगितलं. अगदी हळू. आणि पंखा बंद पडला."

"पण मॅडम, तुम्ही ऐकलंत ना? आठवेल तसं आज लिहून काढा."

त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. "मी ऐकलंच नाही हो. मी टाईप केलं. म्हटलं, आधी घेऊ, मग शांतपणे वाचू. आता तुकडे तुकडे आठवतात. नाव तर नाहीच. आणि आईला कुठल्या तोंडाने विचारू? तिने जन्मात पहिल्यांदा सांगितलं आणि मी ऐकत नव्हते?"

फळ्यावरचं पुसलं की पुसलं. जगातला कुठलाही मेकॅनिक ते परत आणू शकत नव्हता, आणि ती चूक मॅडमची नव्हती, माझी होती. हे त्यांना सांगायला हवं होतं. मी बॅग उचलली आणि म्हटलं, "चला, बघू." शेठने ती सकाळ बोहनीशिवाय जाऊ दिली.

बदलापूरला पोचलो तर लाईट आलेली होती. मी ओट्याखालचा डबा बाहेरच्या खोलीत आणला, वायरी सोडवल्या, झाकण उघडलं. कशासाठी, देव जाणे. हातात पेचकस धरून निळ्या भुशाचे उरलेले कण बघत बसलो. शब्द जुळवत होतो. "मॅडम, ते आता..." इथपर्यंत आलोही होतो.

"काय शोदतो?" खाटेवरून आजींनी विचारलं.

"काल तुम्ही बोललात ना आजी, त्यातलं थोडं आत हरवलंय."

"कंचं?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्या भिंतीकडे बघत होत्या.

"शेवटचं," मी म्हटलं.

आजींनी पाय खाली सोडले. जरा पुढे सरकल्या आणि त्या उघड्या डब्यात डोकावून पाहिलं. मग वैतागून म्हणाल्या, "आरं, मग काय हरवलंय ते ठावं नसल्यावर तुला गावंल कसं? ऐक. सांगते. ध्यान देऊन शोद."

आणि ज्या बाईने कधी एक गोष्ट दोनदा सांगितली नव्हती, ती दुसऱ्यांदा सांगायला लागली.

"कारखान्याच्या पायाचं काम चाललं व्हतं. म्या खडी वाह्यची. ह्याला झाडाला झोळी बांधून ठेवायची. दर पाटीला एक नजर टाकायची. मुकादम म्हनायचा, बाई, पाटी बग, झाड काय बगती? लई हसरं पोर. बारसं राह्यलं व्हतं. ह्यांचा पगार झाला की करू, म्हनलं व्हतं. तर ताप आला. दोन दिसांत गेलं. लोकं म्हनली, बिननावाचं हाय, रडू नगंस, पुढलं व्हईल. पर नाव व्हतं. म्या मनात ठेवलं व्हतं. झोळीत घालताना कानात म्हनायची. ह्यांनाबी सांगितलं न्हाई. दौलत."

मी पेचकस कुठेतरी टेकवून बसलो होतो. मॅडमच्या मांडीवर कीबोर्ड होता, वायर सुटलेली, नुसता. त्यांची बोटं त्याच्यावर पडून होती आणि एकही हललं नाही. त्या खिडकीबाहेर बघत नव्हत्या. आईच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि रडत होत्या.

"मिळालं का?" आजींनी मला विचारलं.

धंद्यात मी पुष्कळ खोटं बोललोय. रंगवलेलं मशीन नवं म्हणून खपवलंय. पण त्या दिवशी जे बोललो ते खरं की खोटं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"मिळालं, आजी."

झाकण लावलं, वायरी जोडल्या, डबा तिथेच आजींच्या पायाशी ठेवला. मॅडमनी डोळे पुसले आणि लिहायला घेतलं. या वेळी कुणी सांगत नव्हतं. मध्ये थांबत होत्या, खोडत होत्या, पुन्हा लिहीत होत्या. हेड टायपिस्टच्या आयुष्यात पहिल्यांदा असं झालं असेल. शेवटची ओळ झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं. खर्रर्र.

"आरं, ह्ये मांजर व्हय!" आजी म्हणाल्या. "काय करतंय?"

"जपून ठेवतंय," मॅडम म्हणाल्या.

"नाव आलं का त्यात? दाव बरं."

मॅडमनी ती ओळ वर घेतली. मी पडद्यावर त्या तीन अक्षरांखाली बोट धरलं. आजी उठल्या, खाटेच्या कडेला धरून पडद्याजवळ आल्या. आयुष्यात एक अक्षर न वाचलेल्या त्या बाईने माझं बोट बाजूला केलं आणि आपलं बोट त्या हिरव्या अक्षरांवर ठेवलं, द पासून त पर्यंत हळूच फिरवलं.

"एवढासाच व्हता," त्या म्हणाल्या.

काचेवर बोट उमटलं की पुसून काढायचं, ही आम्हा मेकॅनिकांची सवय. फडकं माझ्या हातात आलंही होतं. ते मी तसंच घडी करून बॅगेत ठेवलं.